पान्ह्याची लय आणि पंपाची मोटर

सातारा-सांगली पट्ट्यात म्हैस पान्हा चोरते म्हणजे नेमके काय करते, हे कोणाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. धार काढणारा माणूस बदलला, गोठ्यात परके कुत्रे शिरले किंवा रेडकू दगावले, की कास भरलेली असूनही म्हैस दूध सोडत नाही. मग कास धुतली जाते, पुढ्यात आंबोण ठेवले जाते, रेडकू असेल तर ते क्षणभर पाजायला सोडले जाते आणि सडांत दूध उतरण्याची वाट पाहिली जाते. अंगावर पाजणाऱ्या आईने दूध काढण्याचा इलेक्ट्रिक पंप कसा निवडावा, या विषयाची सुरुवात गोठ्यातून करणे काहींना उद्धटपणाचे वाटेल. तरीही शरीरक्रियेच्या दृष्टीने सुरुवात तिथूनच करणे सोयीचे आहे, कारण दोन्हीकडे काम करणारे संप्रेरक एकच आहे आणि पंपांविषयीचे बहुतेक गैरसमज त्या संप्रेरकाचा विसर पडल्यामुळे झालेले आहेत.

स्तनातील दूध सूक्ष्म पिशव्यांमध्ये तयार होते आणि तिथेच साठून राहते. बाळ चोखू लागले की स्तनाग्रातील मज्जातंतूंचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो, पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन रक्तात सुटते आणि पिशव्यांभोवती जाळ्यासारख्या पसरलेल्या पेशी आकुंचन पावून दूध नलिकांमध्ये ढकलतात. याच ग्रंथीच्या पुढच्या भागातून स्रवणारे प्रोलॅक्टिन दूध तयार करण्याचे काम पाहते. ब्रिटिश शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी १८४० मध्ये स्तनाच्या रचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यातील चित्रांच्या आधारे स्तनाग्रामागे दुधाच्या छोट्या टाक्या असतात, असे पुढे दीडशेहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकांत शिकवले गेले. २००५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दूध पाजणाऱ्या स्त्रियांची सोनोग्राफी केली, तेव्हा अशा टाक्या आढळल्याच नाहीत. गाईच्या कासेत खाली दूध साठण्याची मोठी जागा असते. म्हशीच्या कासेत ती फार लहान असल्यामुळे पान्हा फुटेपर्यंत जवळजवळ सगळे दूध वरच अडकून राहते. स्त्रीच्या स्तनात अशी साठवणीची जागा जवळपास नसतेच.

याचा सरळ अर्थ असा, की पान्हा फुटण्यापूर्वी मोटर कितीही जोराने ओढत राहिली तरी थेंबांपलीकडे काही हाती लागत नाही. उलट जोर वाढवल्याने दुखते आणि दुखल्याने पान्हा आणखी लांबतो. १९४८ मध्ये अमेरिकेतील मायकेल आणि नाइल्स न्यूटन या दांपत्याने एका स्तनदा मातेवर याचा प्रयोग केला. पाजण्याच्या वेळी तिचे पाय बर्फाच्या पाण्यात बुडवले, पायाची बोटे दुखतील इतकी ओढली, तिला भराभर गणिते घातली. शांत वातावरणात बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळत असे, ते या छळात ९९ ग्रॅमवर आले. आणि छळ तसाच चालू ठेवून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले, तेव्हा पुन्हा १५३ ग्रॅमपर्यंत गेले. दूध कोठेही आटले नव्हते, ते फक्त सुटत नव्हते. एकाच स्त्रीवरचा हा प्रयोग आजच्या निकषांवर अपुरा ठरेल. परंतु सासरच्या भरल्या घरात दाराकडे डोळा ठेवून किंवा कार्यालयातील सामानाच्या खोलीत घाईघाईने पंप लावणाऱ्या स्त्रीला त्यातील निष्कर्ष लगेच पटेल.

आता पंपाच्या खोक्याकडे वळू. खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा बहुधा ओढीचा असतो, म्हणजे हवेचा दाब किती मिलिमीटर पाऱ्याने कमी होतो याचा, आणि आकडा मोठा म्हणजे पंप चांगला असा समज विक्रेता खोडून काढत नाही. बाळ चोखताना निर्माण करते ती ओढ सरासरी १५० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असते. रुग्णालयांत वापरले जाणारे दर्जेदार पंपही सामान्यतः २५० च्या पलीकडे जात नाहीत. त्यामुळे तीनशे-साडेतीनशेची बढाई मारणारा पंप गुणवत्तेत वरचढ आहे, असे समजण्याचे कारण नाही. त्या पातळीवर स्तनाग्राला चिरा पडण्याचीच शक्यता वाढते. पाहायचे ते हे, की ओढ लहान लहान टप्प्यांनी वाढवता येते का. कारण प्रत्येक स्त्रीची सोसण्याची मर्यादा वेगळी असते आणि न दुखता जेवढी ओढ सहन होते, तेवढ्यावरच दूध सर्वांत चांगले येते.

ओढीपेक्षा लय महत्त्वाची. बाळ प्रथम उथळ आणि जलद चोखते, सेकंदाला साधारण दोन वेळा. पान्हा फुटून तोंडात दूध येऊ लागले की गिळण्याला अवधी मिळावा म्हणून ते संथ होते आणि सेकंदाला एकदा या गतीवर येते. चांगल्या पंपात याच क्रमाची नक्कल केलेली असते: आधी एक-दोन मिनिटे हलकी, जलद उत्तेजना आणि नंतर खोल, संथ ओढ. या दोन अवस्था वेगळ्या असाव्यात आणि दूध येऊ लागताच आईला बटण दाबून पहिलीतून दुसरीत जाता यावे. एका बैठकीत पान्हा एकाहून अधिक वेळा फुटतो, म्हणून धार मंदावल्यावर पुन्हा मिनिटभर जलद गतीवर जाऊन पाहावे. पंप बंद करण्याची घाई नको, पण पंधरा-वीस मिनिटांपलीकडे ताणण्यातही फारसा अर्थ नसतो. (यंत्रांच्या इतिहासातील एक गंमत म्हणजे १९२० च्या दशकात असा यांत्रिक पंप बनवणारे एडवर्ड लास्कर हे नामवंत बुद्धिबळपटू होते. आजच्या रुग्णालयीन पंपांचा वारसा मात्र १९५० च्या दशकात स्वीडनमधील आयनार एग्नेल यांनी मांडलेल्या, कमी इजा करणाऱ्या रचनेकडे जातो.)

दुकानात ज्याची चौकशी जवळजवळ कोणीच करत नाही, तो भाग म्हणजे स्तनावर बसणारे फनेल. त्याच्या नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये दिलेला असतो आणि खोक्यात बहुधा २४ चे फनेल येते, जणू सगळ्या स्त्रिया एकाच मापाच्या असतात. साध्या पट्टीने स्तनाग्राच्या बुडाशी व्यास मोजावा आणि त्यात दोन ते चार मिलिमीटर मिळवून येणाऱ्या मापापासून सुरुवात करावी. फनेल लहान पडले तर स्तनाग्र नळीच्या कडांना घासते, पांढरे पडते आणि नलिका दाबल्या जातात. मोठे झाले तर भोवतालचा काळसर भागही नळीत ओढला जातो, सूज येते आणि दूध कमी निघते. दोन्ही बाजूंचे माप सारखेच असेल असे नाही, शिवाय बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत ते बदलते. म्हणून ज्या पंपाला दोन-तीन मापांची फनेल सुटी मिळतात, तो थोडा महाग असला तरी परवडतो. उघडलेला पंप दुकानदार सहसा परत घेत नाही, तेव्हा ही चौकशी आधीच करावी.

मुळात पंप हवाच का, हा प्रश्न खरे तर याहूनही आधीचा. बाळ जवळ आहे, नीट पीत आहे आणि वजन वाढत आहे, अशा आईला पंपाची गरज नसते, आणि केवळ मनाच्या समाधानासाठी रोज जादा दूध काढत राहिल्यास शरीर मागणी वाढली असे समजून जादा दूध तयार करू लागते. स्तन वारंवार दाटतात, कधी दाहही होतो. याच्या उलट, दूध बराच काळ काढले गेले नाही तर भरलेला स्तन निर्मितीचा वेग स्वतःच कमी करतो. पहिल्या दोन-तीन दिवसांतील चीक घट्ट आणि थोडा असल्यामुळे तो हाताने पिळून थेट चमच्यात घेणे बरे, पंपात तो नळीलाच चिकटून राहतो. बाळ अपुऱ्या दिवसांचे असून अतिदक्षता विभागात असेल, तर मात्र पहिल्या काही तासांतच दूध काढायला सुरुवात करून दिवसातून आठेक वेळा ते काढावे लागते. अशा वेळी घरगुती पंपावर विसंबण्यापेक्षा रुग्णालयीन दर्जाचा दुहेरी (दोन्ही बाजूंना एकदम लागणारा) पंप भाड्याने मिळतो का, याची चौकशी बालरोगतज्ज्ञांकडे करावी.

पंपाची सर्वाधिक गरज नोकरीवर परतणाऱ्या आईला असते. कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन विश्रांती दिलेल्या आहेत. परंतु कुपवाडच्या कारखान्यातील कामगार स्त्री असो किंवा जतच्या आडगावातील शाळेची शिक्षिका असो, मध्यंतरात घरी जाऊन पाजून येणे थोड्यांनाच जमते. किती दूध ठेवावे याचा हिशेब सोपा आहे. एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसाला साधारण ७५० मिलिलीटर दूध पिते, म्हणजे तासाला तीसेक मिलिलीटर. आई नऊ-दहा तास बाहेर राहणार असेल तर तीनशे मिलिलीटर पुरे होतात. हे दूध एका दमात निघत नाही, ते दोन-तीन बैठकांतून जमा होते. अशा स्त्रीने दोन्ही बाजूंना एकाच वेळी लागणारा पंप घ्यावा, कारण त्याने वेळ निम्म्यावर येतो. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच दूध काढायचे असेल, तर हाताने चालणारा साधा पंपही पुरतो. कपड्यांच्या आत बसणारे बिनतारी पंप सोयीचे खरे, पण त्यांची मोटर लहान असते आणि फनेल नीट बसले की नाही हे दिसत नाही. पूर्ण वेळ त्यांच्यावरच भिस्त ठेवावी, असे माझे मत नाही.

विजेचा विचार इथे टाळता येत नाही. पाटण-जावळीच्या पावसात वीज तासन्‌तास जाते, त्यामुळे केवळ प्लगवर चालणारा पंप नको. आतील बॅटरी एका चार्जिंगमध्ये किती बैठका टिकते हे पाहावे आणि मोबाइलच्या चार्जरवर किंवा पॉवर बँकवर चालणारा पंप पसंत करावा. वीज आणि बॅटरी दोन्ही संपल्यास हाताने दूध काढण्याची पद्धत प्रत्येक आईला येत असावी, आणि ती प्रसूतिगृहातील परिचारिकेकडून घरी जाण्यापूर्वी शिकून घ्यावी.

जुना पंप नणंदेकडून भावजयीकडे जाणे आपल्याकडे स्वाभाविक मानले जाते. या बाबतीत हात थोडा आखडता घ्यावा. दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा असलेल्या पंपाला बंद प्रणालीचा पंप म्हणतात. हा पडदा नसेल तर दुधाचा अंश व वाफ नळीतून मोटरपर्यंत पोहोचते, तिथे बुरशी धरते आणि तो भाग उघडून धुता येत नाही. दुधातून काही विषाणूही जाऊ शकतात. रुग्णालयीन पंप अनेकींनी वापरावा अशाच रीतीने बनवलेला असतो आणि प्रत्येकीची फनेल व नळ्या वेगळ्या असतात. घरगुती पंप एकीसाठीच असतो. नवा घेतानाही बंद प्रणालीचाच घ्यावा.

काढलेले दूध २५ अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते असे मार्गदर्शक सूचनांत म्हटलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हे चार तास धरून चालता येत नाही आणि दूध लगेच बर्फाच्या पिशव्या घातलेल्या उष्णतारोधक डब्यात गेले पाहिजे. तिथे ते चोवीस तास चांगले राहते. फ्रिजमध्ये चार अंशांवर ते चार दिवस टिकते, पण दारातल्या कप्प्यात नव्हे, आतल्या बाजूला. थंड झाल्यावर वर सायीचा थर येतो. ते नासणे नव्हे, बाटली हलकेच फिरवली की तो मिसळतो. मायक्रोवेव्हमध्ये किंवा गॅसवर ते तापवू नये, कोमट पाण्यात भांडे ठेवावे. पंपासोबत बाटली येते म्हणून बाटलीनेच पाजले पाहिजे असे नाही. भारतात दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि आजीच्या फडताळातले बोंडले किंवा स्वच्छ वाटी-चमचा हे काम उत्तम करतात.

दूध लागलेला प्रत्येक भाग वापर झाल्यावर लगेच, भांड्यांच्या सिंकमध्ये न टाकता स्वतंत्र पातेल्यात साबणाच्या पाण्याने धुवावा आणि फडक्याने न पुसता हवेवर वाळवावा. बाळ दोन महिन्यांहून लहान असेल तर दिवसातून एकदा पाच मिनिटे उकळावा. बोअरच्या पाण्यातील क्षारांचा पांढरा थर सिलिकॉनच्या भागांवर बसतो, म्हणून उकळण्यासाठी पिण्याचे गाळलेले पाणी घेतलेले बरे. या भागांपैकी सर्वांत नाजूक असतो तो चोचीसारखा छोटा व्हॉल्व्ह. रोजच्या वापराने काही आठवड्यांत त्याची फट सैल होते, ओढ कमी होते आणि मोटरचा आवाज तोच राहत असल्यामुळे आईला वाटते की आपलेच दूध आटले. काळजीत पडून वरचे दूध सुरू करण्याआधी हा व्हॉल्व्ह बदलून पाहावा. बाळ पूर्वीसारखेच समाधानाने पीत असेल तर दोष बहुधा तिथेच सापडतो. म्हणूनच पंप घेताना त्याचा व्हॉल्व्ह साताऱ्यात, सांगलीत किंवा निदान कोल्हापुरात सुटा मिळतो का, हे दुकानदाराला आधी विचारावे आणि दोन जोड त्याच दिवशी घेऊन ठेवावेत.