कडबा, वाढे आणि गव्हाण

देशावरच्या गाई-बैलांनी काय खायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या भाकरीने ठरवले. ज्वारीचे कणीस माणसाला, ताट म्हणजे उभा धांडा जनावराला; वाळला की तोच कडबा. रब्बीतल्या मालदांडी ज्वारीचे ताट उंच, बारीक, चवीला गोडसर. कुट्टी (बारीक तुकडे) न करता गव्हाणीत टाकले तरी बैल ते बुडख्यापर्यंत चावून संपवतो. १९३०च्या दशकात मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडलेले ३५-१ हे वाण आजही शेतकरी सोडत नाहीत, त्याला दाण्याइतकाच हा कडबाही कारण आहे.

१९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. दाणा भरघोस वाढला. १९७२च्या दुष्काळात होरपळलेल्या महाराष्ट्राला त्या दाण्याची गरज होतीच. पण ताट बुटके झाले. त्यात ही खरिपाची ज्वारी. काढणीला पाऊस लागला की कणसाबरोबर कडबाही काळा पडायचा. जनावर पाला ओरबाडून खाई आणि जाड धाटे सकाळी गव्हाणीत तशीच उरत. वाण निवडताना दावणीचा विचार मागे पडला, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिकडे कालव्याच्या पट्ट्यात ज्वारीची जागा ऊस घेत होता. १९५०च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मग इतर ठिकाणीही उभे राहिले. तोडणीच्या हंगामात वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या स्वस्तात मिळू लागल्या. हिरवेगार वाढे बघून वैरण सकस आहे असेच वाटते. पोट भरते, पण त्यात प्रथिने कमी आणि ऑक्झलेट भरपूर. हे ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही.

नेमक्या त्याच काळात गायही बदलली. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला ‘बाएफ’ ही संस्था सुरू केली आणि संकरित गाई गावोगाव पोचल्या. एक लिटर दुधातून सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम बाहेर जाते. दोन लिटरच्या गावठी गाईचे वाढ्यांवर निभावत असे. पंधरा लिटरची गाय नुसत्या वाढ्यांवर ठेवली, तर ती स्वतःची हाडे झिजवून दूध देते. म्हणूनच वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडा, आंबोणात (भिजवलेल्या पेंड-भरड्यात) खनिज मिश्रण घाला, असे पशुवैद्य कळकळीने सांगतात.

आता मुरघास आला आहे. मका चिकात असताना कापायचा, कुट्टी करून दाबायचा आणि हवा न लागू देता दीड-दोन महिने ठेवायचा; उघडल्यावर आंबूस-गोड वास आला की साधला. पाण्याच्या भागात त्याने मोठा आधार दिला. कोरडवाहू सोलापूर-मंगळवेढ्याकडे मात्र अजून मालदांडीच आहे, आणि सुगीत ज्वारीच्या भावासोबत कडब्याच्या शेकड्याचा, म्हणजे शंभर पेंढ्यांचा, भावही विचारला जातो.