गटाचा प्रकल्प आणि प्रत्येकाचे वाचन : एका शिक्षणपद्धतीची पार्श्वभूमी

अकरा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींपैकी अनेकांना पुस्तकातील परिच्छेद न अडखळता मोठ्याने वाचता येतो. पण त्यात काय सांगितले आहे असे विचारले, की ती गप्प होतात किंवा त्यातलेच एखादे वाक्य पुन्हा वाचून दाखवतात. अमेरिकन वाचनतज्ज्ञ जीन चॉल यांनी १९८३ साली वाचनविकासाचे टप्पे मांडताना ‘वाचायला शिकणे’ आणि ‘शिकण्यासाठी वाचणे’ असा भेद केला. त्या भेदाचा खरा कस माध्यमिक शाळेच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत लागतो. विज्ञान, इतिहास, भूगोल यांची पुस्तके आता आपापल्या भाषेत बोलू लागतात आणि ती भाषा शिकवण्याचे काम मात्र कोणत्याही एका शिक्षकाकडे सोपवलेले नसते. विद्यार्थ्यांनी गटाने प्रकल्प करावा आणि तो करता करता त्यांचे वाचन-लेखन सुधारावे, हा या अडचणीवर सुचवला जाणारा एक उपाय आहे. त्याचा इतिहास पाहताना जाणवते ते हे, की प्रकल्प, गटकार्य आणि वाचनशिक्षण हे तीन वेगळे प्रवाह होते आणि ते एकत्र यायला बराच काळ लागला.

प्रकल्पाचा उगम वर्गात झालाच नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोममधील कला अकादमीत आणि १६७१ मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या वास्तुकला अकादमीत विद्यार्थ्यांना इमारतींचे आराखडे स्पर्धेसाठी करावे लागत. शिकलेले ज्ञान वापरून दाखवण्याचे ते काम होते. एकोणिसाव्या शतकात कॅल्व्हिन वुडवर्ड यांनी अमेरिकेत सेंट लुईसमधील आपल्या हस्तकौशल्याच्या शाळेत हीच कल्पना लाकूडकाम आणि लोहारकामात आणली. वाचनाचा येथपर्यंत संबंध आला तो नकाशा किंवा सूचना वाचण्यापुरताच.

१९१८ मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किल्पॅट्रिक यांनी ‘प्रकल्प पद्धती’ या निबंधात प्रकल्पाची व्याख्याच बदलली. विद्यार्थ्याने मनापासून स्वीकारलेला हेतू, त्यासाठी केलेले नियोजन, प्रत्यक्ष कृती आणि शेवटी तिचे मूल्यमापन, एवढे असले की त्यांच्या मते तो प्रकल्प झाला. मग शिवलेला पोशाख जसा प्रकल्प, तसेच विद्यार्थ्याने चालवलेले शाळेचे वृत्तपत्रही प्रकल्पच. लेखनाला या विचारात प्रथमच सन्मानाची जागा मिळाली. पण ज्या मुलाला लिहिताच येत नाही त्याने वृत्तपत्र कसे चालवावे, याचे उत्तर त्यात नव्हते. ज्यांच्या विचारांचा किल्पॅट्रिक यांच्यावर प्रभाव होता, त्या तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनीही पुढे बजावले, की मुलांच्या उत्स्फूर्त इच्छेवर सगळे सोडून देणे म्हणजे शिक्षकाने आपली जबाबदारी टाळणे होय.

त्या काळात प्रकल्प पद्धतीचा पुरावा म्हणून सर्वांत जास्त दाखवला गेलेला प्रयोग अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील ग्रामीण शाळांचा होता. एल्सवर्थ कॉलिंग्ज यांनी १९२३ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका घरात विषमज्वर (टायफॉइड) वारंवार का होतो याचा मुलांनी शोध घेतला, त्यासाठी वाचले, लिहिले आणि उपाय सुचवले, ही त्यातील कथा शिक्षक-प्रशिक्षणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. मायकेल क्नोल या जर्मन इतिहासकाराने १९९६ मध्ये दाखवून दिले, की हा प्रयोग वर्णन केल्याप्रमाणे झालाच नव्हता. ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करावीशी वाटते, कारण चांगल्या कल्पनेला आधार म्हणून सोयीची कथा वापरण्याचा मोह या क्षेत्रात आजही आहे आणि त्याची किंमत शेवटी मुले मोजतात.

लेखनाला खऱ्या अर्थाने मध्यभागी आणले ते फ्रान्समधील सेलेस्टिन फ्रेने यांनी. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला झालेल्या जखमेमुळे त्यांना फार वेळ बोलणे जड जाई. १९२४ मध्ये त्यांनी बार-स्युर-लू या गावातील आपल्या वर्गात छोटे छापयंत्र आणले. मुले अनुभव लिहीत, वर्गात मिळून मजकूर सुधारत, खिळे जुळवून छापत आणि दूरच्या शाळेतील मुलांना पाठवत. चूक दुरुस्त करण्याला येथे कारण होते, कारण पलीकडे खरा वाचक होता. ही शाळा प्राथमिक होती. माध्यमिक शाळांत तासिका आणि विषय वेगळे असल्यामुळे असे काम तेथे रुजणे कठीणच होते.

विषयाविषयांमधल्या या भिंतीवर बोट ठेवले ते ब्रिटनमध्ये भाषाशिक्षणाचा विचार करणाऱ्या बुलक समितीने. १९७५ च्या अहवालात तिने म्हटले, की प्रत्येक माध्यमिक शाळेने भाषेचे धोरण सर्व विषयांसाठी ठरवावे. दरम्यान १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी वांशिक तणाव असलेल्या वर्गांसाठी ‘जिगसॉ’ पद्धत तयार केली होती. तीत एका मजकुराचे भाग गटातील मुलांत वाटले जात आणि प्रत्येकाने आपला भाग समजून घेऊन इतरांना शिकवायचा असे. हेतू मैत्रीचा होता; पण त्यातून न वाचता गटात लपून राहणे अशक्य झाले. रॉबर्ट स्लाव्हिन यांनी पुढे सहकार्यात्मक अध्ययनाच्या अभ्यासांतून हाच मुद्दा ठामपणे मांडला, की गटाचे समान उद्दिष्ट आणि प्रत्येकाचे वैयक्तिक उत्तरदायित्व ही दोन्ही असतील तेव्हाच गटकार्यातून शिकणे घडते.

माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोलाचे पाऊल १९८४ चे आहे. अ‍ॅनमेरी पॅलिंक्सर आणि अ‍ॅन ब्राऊन या संशोधकांनी सातवीतील अशी मुले निवडली, ज्यांना शब्द वाचता येत होते पण अर्थ लागत नव्हता. छोट्या गटात एक परिच्छेद वाचायचा. मग त्यावर प्रश्न विचारायचा, सारांश सांगायचा, अवघड जागा उलगडायची आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा. सुरुवातीला शिक्षक हे करून दाखवत आणि हळूहळू चर्चा चालवण्याची पाळी एकेका मुलाकडे जाई. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांचे लेखन १९७८ मध्ये इंग्रजीत नव्याने आल्यानंतर जाणत्याच्या आधाराने शिकण्याचा जो विचार पसरला होता, त्याला येथे रोजच्या तासाचे रूप मिळाले. काही आठवड्यांत या मुलांचे आकलन स्पष्टपणे सुधारले. पुढे १९९० च्या दशकात ब्राऊन आणि जोसेफ कॅम्पिओन यांनी ही चर्चा आणि जिगसॉ एकत्र करून मुलांना विज्ञानातील प्रश्नांवर गटाने संशोधन करायला लावले. तिन्ही प्रवाहांचा संगम झाला तो इथे.

अमेरिकेत कार्नेगी कॉर्पोरेशन या दानसंस्थेसाठी तयार झालेल्या २००४ च्या अहवालाने किशोरवयीनांच्या साक्षरतेसाठी मजकुरावर आधारलेले सहकार्यात्मक अध्ययन सुचवले आणि २००७ च्या अहवालाने सहलेखन. प्रकल्पाधारित अध्ययनाची याच वयोगटातील थेट परीक्षा मात्र इंग्लंडमध्ये झाली. एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन या शिक्षणपद्धतींच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केलेल्या चाचणीत माध्यमिकच्या पहिल्या वर्षाची, म्हणजे अकरा-बारा वर्षांची मुले होती. साक्षरतेवर स्पष्ट परिणाम दिसला नाही. उलट, गरीब घरांतील मुलांचे नुकसान झाले असण्याची शक्यता नोंदवली गेली. जवळपास निम्म्या विद्यार्थ्यांची माहिती अखेरपर्यंत हाती आली नव्हती, त्यामुळे हे निष्कर्ष सावधपणेच घ्यावे लागतात. तरीही गरीब मुलांविषयीची ती नोंद बाजूला सारण्यासारखी नाही, कारण घरी पुस्तके नसलेल्या मुलाला प्रकल्पातील वाचन समजावून देणारे शाळेखेरीज कोणीच नसते.

याच्या उलट, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील अभ्यासात नेल ड्यूक आणि सहकाऱ्यांनी दुसरीच्या वर्गांसाठी प्रकल्पाचा प्रत्येक पाठ आधीच आखून दिला होता आणि त्यात वाचनाचे थेट शिक्षण गुंफले होते. तेथे सामाजिक शास्त्रांचे ज्ञान आणि माहितीपर मजकुराचे वाचन दोन्ही सुधारले. लेखनात मात्र लक्षणीय फरक पडला नाही.