प्राथमिक वर्गातील ऑनलाइन साधने : निवड शिक्षकाच्या हाती येईपर्यंत

जिल्हा परिषदेच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना अक्षरओळख करून देताना शिक्षक तिसरी-चौथीच्या गटाकडे मोबाइल सोपवतात आणि मुले पाठ्यपुस्तकातील कविता चालीवर ऐकू लागतात, हे दृश्य आता महाराष्ट्रात अनोळखी राहिलेले नाही. या बदलाची सुरुवात बहुतेक जण कोरोनाकाळापासून सांगतात. वर्गात तंत्रज्ञान आणण्याचे प्रयत्न मात्र त्याच्या कितीतरी आधीचे आहेत आणि त्या प्रयत्नांत शिक्षकाला कोणते स्थान होते, हे पाहिल्याशिवाय आजची स्थिती नीट समजत नाही.

भारतातील पहिला मोठा प्रयोग उपग्रह दूरदर्शनचा होता. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ या नावाने, अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहामार्फत, सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम पोहोचवले गेले. त्यात महाराष्ट्र नव्हता. सकाळची वेळ प्राथमिक शाळेतील मुलांसाठी राखलेली असे. याच काळात दूरदर्शन आणि इतर माध्यमांच्या जोडीने प्राथमिक शिक्षकांना विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षणही देण्यात आले. प्रयोग भव्य होता, पण कार्यक्रम ठरलेल्या वेळी यायचा आणि ठरलेल्या वेळी संपायचा. वर्गातील मुले त्या घटकापर्यंत पोहोचली आहेत की नाहीत, हे पाहून तो पुढे-मागे करण्याची सोय शिक्षकाकडे नव्हती.

इन्सॅट उपग्रहाच्या काळात महाराष्ट्राचा समावेश झाला आणि १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. मराठी मुलांसाठी मराठीत शैक्षणिक चित्रफिती तयार करणारी ही संस्था एका पिढीच्या स्मरणात आहे. २०१७ मध्ये ती बंद झाली, ही माझ्या मते मराठी शिक्षणाची मोठी हानी आहे, कारण मुलांच्या वयाला साजेशी मराठी निर्मिती करण्याचे कौशल्य एका ठिकाणी साठायला अनेक वर्षे लागतात. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांत संगणक आणले, मात्र ते माध्यमिक शाळांसाठी होते. प्राथमिक शाळेला त्यानंतरही बराच काळ खडू-फळा आणि तक्ते हीच साधने होती.

चित्र पालटले ते २०१० नंतरच्या दशकात. स्वस्त स्मार्टफोन शिक्षकाच्या स्वतःच्या खिशात आला आणि कोणत्याही योजनेची वाट न पाहता त्याला काही करून पाहता येऊ लागले. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील शाळेने डिजिटल शाळेचा नमुना उभा केला आणि तो पाहून राज्यभर लोकसहभागातून प्रोजेक्टर, टॅबलेट आणि सौर पॅनेल बसवण्याची लाट आली. जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने या लाटेला शासकीय बळ दिले. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द शिक्षण परिषदांमधून रूढ झाला तो याच सुमारास. त्याच वर्षी ‘सरल’ ही विद्यार्थ्यांच्या माहितीची ऑनलाइन प्रणालीही आली. अनेक प्राथमिक शिक्षकांचा संगणकाशी रोजचा संबंध प्रथम या माहिती भरण्याच्या कामातून आला, अध्यापनातून नव्हे. या कामाचा भार मोठा होता, पण त्यातून ऑनलाइन कामाचा सराव झाला हेही नाकारता येत नाही.

एका गोष्टीची दखल अशा इतिहासात सहसा घेतली जात नाही, ती म्हणजे युनिकोडमधील, म्हणजे सर्व उपकरणांवर अक्षरे सारखीच उमटवणाऱ्या संकेतपद्धतीतील, मराठी टंकलेखन. जुन्या फॉन्टमध्ये तयार केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिता येऊ लागल्यावर एका शिक्षकाने केलेली स्वाध्यायपत्रिका शेजारच्या केंद्रातील (शाळांच्या गटातील) शिक्षकाला जशीच्या तशी वापरता आली. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून शैक्षणिक साहित्याची जी देवाणघेवाण वाढली, तिचा पाया येथे आहे.

या टप्प्याचे सर्वांत ठळक उदाहरण सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडीचे. तेथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड लावले. कोड स्कॅन केला की त्या पाठाशी संबंधित कवितेचे ध्वनिमुद्रण, चित्रफीत किंवा स्वाध्याय उघडे. क्यूआर कोड मुळात १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला होता. त्याचा पाठ्यपुस्तकासाठी असा उपयोग एका वस्तीशाळेच्या वर्गात रुजावा, यातच शिक्षकाच्या कल्पकतेचे मोल दिसते. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आणि एनसीईआरटीच्या पुस्तकांतही क्यूआर कोड आले. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली.

दरम्यान, ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्राचे ‘दीक्षा’ हे शैक्षणिक साहित्याचे ऑनलाइन व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकातील कोड त्याला जोडले गेले. कोडखाली सहा अक्षर-अंकांचा संकेतही छापलेला असतो. कॅमेरा खराब असेल किंवा पान फाटलेले असेल, तर तो टाइप करूनही साहित्य उघडते, आणि साहित्य एकदा डाउनलोड केल्यावर नेटवर्कशिवाय दाखवता येते. डोंगराळ भागातील शाळेच्या दृष्टीने मला ही सोय कोणत्याही आकर्षक अ‍ॅनिमेशनपेक्षा महत्त्वाची वाटते. याच काळात, २०१५ पासून, प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर मुक्त परवान्याच्या मराठी गोष्टी मिळू लागल्या. त्या शिक्षकाला वाचून दाखवता येतात, छापता येतात आणि आपल्या परिसराच्या बोलीत रूपांतरित करून पुन्हा प्रसिद्धही करता येतात.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासूनच उघडू शकले. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने रोजची अभ्यासमाला मोबाइलवर पाठवली, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली. पण घरात एकच फोन, तोही वडिलांसोबत कामावर, ही असंख्य घरांची स्थिती होती. त्यामुळे सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले आणि ठिकठिकाणी ओट्यांवर, पारांवर वर्ग भरले. ऑनलाइन शिक्षणाच्या इतिहासात या भिंतींची नोंद व्हायलाच हवी, कारण साधन कोठे थांबते आणि शिक्षक कोठून पुढे जातो, हे त्यांनी दाखवून दिले.

शाळा उघडल्यावर शिक्षकांपुढील प्रश्न बदलला. साहित्य कमी असण्याची अडचण जाऊन भरमसाट साहित्यातून निवड करण्याची अडचण आली. बहुतेक लोकप्रिय खेळाधारित साधनांतील सूचना इंग्रजीत असतात, मोफत अ‍ॅपमध्ये मध्येच जाहिराती येतात आणि काही साधने मुलाचे नाव व छायाचित्र मागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती आवश्यक ठरवली आहे. त्यामुळे एखादे नवे अ‍ॅप वर्गात आणण्यापूर्वी ते मराठीत आहे का, नेटवर्कशिवाय चालते का आणि मुलांची कोणती माहिती घेते, ही तपासणी आता शिक्षकाच्या पाठ नियोजनाचाच भाग झाली आहे.