स्टिकरवरची की आणि हातातली सीडी

कॅबिनेटवरच्या स्टिकरची २५ अक्षरी की, म्हणजे विंडोजच्या परवान्याचा क्रमांक, डोळ्यांत तेल घालून टाकायची आणि सेटअपने ‘की अवैध’ म्हणून परत पाठवायची, हा प्रकार विंडोज एक्सपीच्या काळात ज्याने स्वतःच्या हाताने विंडोज मारलं त्याला नवा नाही. की पैसे मोजून घेतलेली, सीडीही अस्सल, पण दोघांची पत्रिका जुळत नसे. आजही जुन्या मशीनवर विंडोज ‘सेव्हन’ किंवा ‘टेन’ टाकताना जे घोळ होतात, त्यांतल्या बऱ्याचशांचं मूळ त्या काळात सापडतं.

त्याआधीचा मामला साधा होता. विंडोज ९५ची की म्हणजे निव्वळ अंकगणित. दुकानातल्या पाकिटावरच्या कीमधल्या शेवटच्या सात आकड्यांच्या बेरजेला ७ने भाग गेला की सेटअप खूश. सगळीकडे १ दाबत गेलं तरी चालायचं. ९८मध्ये २५ अक्षरी की आली, पण ती कुणाची, किती मशीनवर वापरली, हे विचारणारं कुणी नव्हतं.

ऑक्टोबर २००१मध्ये एक्सपी आलं आणि सोबत ॲक्टिव्हेशन आलं, म्हणजे की मायक्रोसॉफ्टकडून पडताळून घेणं. त्याचा गाजावाजा झाला, वादही झाला. त्याच सुमारास रोजच्या वापरात जास्त छळणारी गोष्ट मात्र सीडीतच बसली होती. एक्सपीची सीडी तीन वाटांनी विकली जाई: दुकानातलं रिटेल पाकीट, नव्या मशीनसोबतची ओईएम आणि कंपन्या-कॉलेजांसाठीची घाऊक, म्हणजे व्हॉल्यूम. आतला माल जवळपास सारखाच. फरक ‘आय३८६’ फोल्डरमधल्या एका चिमुकल्या फाइलीत. ‘सेटअपपी’ नावाची ही आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडली की ‘पीआयडी’ची ओळ दिसते. तिच्या शेवटी ‘ओईएम’ असेल तर सीडी ओईएम, २७० असेल तर व्हॉल्यूम. की कोणत्या वाटेने आली ते कीमध्येच दडलेलं असे. सेटअप ते या ओळीशी ताडून पाही. होम आणि प्रोफेशनल या आवृत्त्यांचा भेद आणखी वेगळा. म्हणजे आवृत्ती जुळली तरी वाट चुकली की काम अडलं.

पण सगळ्यात जास्त डोकी ‘ओईएम’ या शब्दाने फिरवली. तो एकाच वेळी दोन गोष्टींसाठी वापरला जाई. पहिली गोष्ट मोठ्या ब्रँडच्या मशीनची. तिथे कारखान्यात टाकलेलं विंडोज त्या उत्पादकाच्या हजारो मशीनसाठी एकच सामाईक की वापरे. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या अंगभूत प्रोग्राममध्ये, त्या उत्पादकाची खूण सापडली की ॲक्टिव्हेशनचा प्रश्नच उद्भवत नसे. स्टिकरवर छापलेली की मात्र निराळी, त्या एका मशीनपुरती, आणि सहसा कधीच न वापरलेली. दुसरी गोष्ट असेंबल्ड मशीनची. दुकानदार ओईएम सीडी आणि स्टिकर एकत्र विके आणि तिथे स्टिकरवरचीच की टाकून रीतसर ॲक्टिव्हेट करावं लागे.

यामुळे फसगत अशी व्हायची की फॉरमॅट मारण्याआधी माणूस शहाणपणाने की वाचून दाखवणारं एखादं सॉफ्टवेअर चालवी आणि दिसलेली की वहीत उतरवून घेई. ब्रँडेड मशीनवर ती निघे कारखान्याची सामाईक की. साध्या ओईएम सीडीचा सेटअप ती बिनतक्रार घेई आणि ॲक्टिव्हेशनच्या पायरीवर आडवा येई. खरी की लॅपटॉपच्या पोटाखाली, मांडीवर घासून अर्धी पुसलेल्या स्टिकरवर. कीची अक्षरं ठरवताना शून्य आणि ओ, पाच आणि एस, एक आणि आय अशा जोड्या मुद्दाम वगळलेल्या होत्या. बी आणि आठ, जी आणि सहा मात्र ठेवले. ते का, हे ठरवणाऱ्यांनाच ठाऊक. पुसट स्टिकरवर नेमके तेच चार दगा देतात.

२००५च्या फेब्रुवारीअखेर मायक्रोसॉफ्टने आणखी एक पाचर मारली. मोठ्या ब्रँडच्या स्टिकरवरच्या कींचं इंटरनेटवरून होणारं ॲक्टिव्हेशन बंद. कारण दिलं की स्टिकर चोरून वेगळे विकले जातात. ते खोटं नव्हतं. पण ज्याच्याकडे कारखान्यातलं विंडोज परत टाकणारी ब्रँडची रिकव्हरी सीडी उरली नव्हती, त्याच्या वाट्याला फोन आला: पडद्यावरचे ५० आकडे वाचून दाखवा, प्रश्नांना उत्तरं द्या, मग समोरून येणारे ४२ आकडे न चुकता टाका. चोराला याची झळ कितपत लागली? त्याच्याकडे व्हॉल्यूम सीडी होती आणि तिला ॲक्टिव्हेशनच नव्हतं. एक्सपी बाजारात येण्याआधीच फुटलेली एक व्हॉल्यूम की तर इतकी फिरली, की २००२च्या सर्व्हिस पॅक १ या सुधारणा-संचात ती नावानिशी रोखावी लागली.

आपल्याकडे विंडोज मारून देणाऱ्याच्या सीड्यांच्या पाऊचमध्ये हीच व्हॉल्यूमची कॉपी असायची. स्टिकरवरची की तिच्यावर चालत नसे, मग तो आपली की टाकून मोकळा. परवान्याचे पैसे भरलेलं मशीन अशा रीतीने चोरीच्या कीवर चाले. पुढे २००६मध्ये विंडोज अस्सल आहे का याच्या तपासणीच्या सूचना झळकू लागल्या, तेव्हा कोपऱ्यातला ‘तुमची फसवणूक झालेली असू शकते’ हा इशारा अशा घरांतही उगवला. वर अस्सल स्टिकर, आत नकली की. माझ्या मते ही सर्वस्वी वाटांच्या विभागणीची करणी, पण खापर नेहमी पाऊचवाल्यावर फुटलं.

२००७च्या ऑगस्टमध्ये एक्सपी प्रोफेशनलच्या कींचा साठाच संपत आला. नव्या कींसाठी एसपी२सी नावाची नवी सीडी काढली आणि त्या की जुन्या सीडीवर चालेनात.

व्हिस्टापासून एका डीव्हीडीत अनेक आवृत्त्या आल्या, कोणती उघडायची ते की ठरवू लागली. सेव्हनमध्ये ‘ईआय’ नावाची छोटी फाइल डीव्हीडीला एका आवृत्तीला बांधे. ती काढली की निवड करता येई. २०१२च्या विंडोज ८पासून ब्रँडेड मशीनची की स्टिकरवरून थेट मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (त्याच अंगभूत प्रोग्राममध्ये) गेली. सेटअप ती न विचारता उचलतो, त्यामुळे हातात प्रोची की असूनही मुकाट्याने होम पडतं. यावर उतारा पुन्हा ती ‘ईआय’ फाइलच, फक्त आता ती काढायची नाही, घालायची.

विंडोज १०च्या २०१५च्या नोव्हेंबर अपडेटपासून सेव्हन आणि एटच्या की थेट चालू लागल्या. लॅपटॉपच्या पोटाखालच्या जुन्या स्टिकरला पुन्हा किंमत आली. सप्टेंबर २०२३मध्ये कंपनीने ती सोय संपल्याचं जाहीर केलं.