रुग्णाची गोपनीयता आणि न्यायालये : पार्श्वभूमी

रुग्णाने विश्वासाने सांगितलेले बाहेर फुटू नये, हा वैद्यकाचा नीतिनियम प्राचीन असला तरी न्यायालयांनी तो सहजासहजी मानलेला नाही. इंग्लंडमध्ये १७७६ साली एका उमराव स्त्रीवरील द्विविवाहाच्या खटल्यात तिच्या शल्यचिकित्सकाला साक्ष द्यावीच लागली. फ्रान्सने १८१० च्या दंडसंहितेत असे गुपित फोडणे गुन्हा ठरवले, तर न्यूयॉर्कने १८२८ मध्ये कायदा करून डॉक्टरच्या साक्षीवर बंधन घातले.

रुग्णापासून दुसऱ्याला धोका दिसल्यास तज्ज्ञाने गोपनीयता मोडावी का, या आजच्या वादाचे मूळ मात्र कॅलिफोर्नियात आहे. १९६९ मध्ये विद्यापीठाच्या रुग्णालयात उपचार घेणाऱ्या एका तरुणाने आपण एका तरुणीला ठार मारणार असल्याचे मानसोपचारतज्ज्ञाला सांगितले आणि दोन-तीन महिन्यांतच तिचा खून केला. तज्ज्ञाने गोपनीयता जपली म्हणून जीव गेला, असे या प्रकरणाबद्दल सर्रास सांगितले जाते. वस्तुतः त्याने विद्यापीठाच्या पोलिसांना आधीच कळवले होते आणि त्यांनी तरुणाला थोडा वेळ ताब्यात घेऊन, तो भानावर दिसतो म्हणून सोडून दिले होते. कळवले नव्हते ते तरुणीला आणि तिच्या घरच्यांना. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये सावध करण्याचे कर्तव्य सांगितले. फेरसुनावणीनंतर, १९७६ मध्ये, ते धोक्यातील व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य झाले. हा बदल लहान नाही, कारण रक्षणाचे मार्ग अनेक असू शकतात आणि इशारा हा त्यांतला केवळ एक; तरीही प्रशिक्षणवर्गांत आजही पहिलाच निकाल अधिक घोकला जातो. पोलिसांवर जबाबदारी आली नाही, हेही फारसे कोणी सांगत नाही. हिंसेचे भाकीत भरवशाने करता येत नाही, हा व्यावसायिकांचा आक्षेप न्यायालयाने फेटाळला खरा, पण १९८५ मध्ये विधिमंडळाने, ओळखता येईल अशा व्यक्तीला रुग्णाने गंभीर धमकी दिली असेल तरच, असे म्हणत तज्ज्ञांचे दायित्व आखून दिले. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९९९ मध्ये असे कर्तव्य मान्यच केले नाही.

दरम्यान १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मानसोपचारातील संभाषणाला संघीय न्यायालयांत साक्षीपासून संरक्षण दिले आणि परवानाधारक समाजकार्यकर्त्यांनाही त्यात घेतले. गंभीर धोका टाळण्यासाठी हे संरक्षण बाजूला सारावे लागेल, असा शेरा मात्र निकालाच्या एका तळटीपेत राहिला. धोक्याचा इशारा दिल्यावर पुढे त्याच रुग्णाविरुद्ध तज्ज्ञाला साक्षीलाही उभे करता येते का, यावर संघीय अपील न्यायालयांनी परस्परविरोधी निर्णय दिले आहेत.