मी बघतच होते की!

सकाळी सव्वानऊला भाजी घेऊन परत येताना माझ्या थोरल्या मावशीच्या हातातल्या चार बांगड्या गेल्या. कुणी हिसकावल्या नाहीत, तिनेच काढून दिल्या. मोटारसायकलवर दोघे जण होते, साध्या कपड्यांत. एकाने खिशातून कसलंसं कार्ड काढून झटकन दाखवलं आणि दरडावलं, "आजी, काल पुढच्या गल्लीत एका बाईला सुरा लावून लुटलंय. एवढं सोनं घालून फिरता? साहेबांची ऑर्डर आहे, काढून पिशवीत ठेवा." ती घुटमळली. तेवढ्यात मागून एक गृहस्थ आले, त्यांनाही अडवलं. त्यांनी चकार शब्द न काढता गळ्यातली चेन काढली, कागदात बांधून घेतली आणि चालू लागले. मग मावशीनेही बांगड्या काढल्या. त्या माणसाने तिच्यासमोर पुडी बांधली, पिशवीत मेथीच्या जुडीखाली सारली, वर "सांभाळून जा" असंही सांगितलं. घरी येऊन पुडी सोडली तर आत खडी.

तो चेनवाला गृहस्थ त्यांच्यातलाच, हे कळायला पोलीस ठाण्यातल्या हवालदाराला अर्धं मिनिटही लागलं नाही. या तोतया पोलिसांच्या तक्रारी त्यांनी ढिगाने लिहून घेतलेल्या असतात. घरी मात्र जो तो मावशीलाच बोलत होता. तुझं लक्ष कुठे होतं? त्यावर तिचं एकच पालुपद: "मी बघतच होते की!"

आणि ती खरंच बघत होती. घोळ तिथेच आहे. डोळे एखाद्या गोष्टीवर असणं आणि ती गोष्ट दिसणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आता पुष्कळांच्या कानावर आहे. पांढऱ्या शर्टवाल्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकला ते मोजायचं. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेलं कुणीतरी खेळाडूंच्या घोळक्यातून चालत जातं. बघणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना गोरिला दिसलाच नाही. त्यांचे डोळे शाबूत होते, फक्त लक्ष मोजण्यात गुंतलं होतं. त्याच सुमारास सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांनी वाटेवरच्या लोकांना एका अनोळखी माणसाकरवी पत्ता विचारला. बोलणं चालू असताना दोघे जण दोघांच्या मधून एक दरवाजा वाहून नेतात आणि त्या आडोशाने पत्ता विचारणारा माणूसच बदलतो. निम्म्या लोकांनी समोर आलेल्या दुसऱ्याच माणसाला उरलेला पत्ता शांतपणे समजावून सांगितला! माणूस बदलला तरी कळत नाही, तिथे कागदाच्या पुडीचं काय घेऊन बसलात.

हातचलाखी करणाऱ्यांना हे प्रयोगाशिवायच ठाऊक असतं. अपोलो रॉबिन्स हा अमेरिकी कलावंत रंगमंचावर, लोकांच्या संमतीने, त्यांचे खिसे साफ करतो. हात सरळ रेषेत नेला तर बघणाऱ्याची नजर लगेच जिथून निघाली तिथे परत उडी मारते, गोल कमानीत नेला तर ती हाताच्या मागे जात राहते, असा त्याचा अनुभव. सुसाना मार्टिनेझ-कोंडे आणि स्टीफन मॅकनिक या मेंदूशास्त्रज्ञांच्या चमूने डोळ्यांच्या हालचाली मोजून हे तपासलं आणि २०११ मध्ये त्याला दुजोरा दिला. मावशीला पुडीबद्दल नंतर खोदून विचारलं. ती म्हणाली, "त्यानं हात असा गोल फिरवून पिशवीत घातला." तिला शास्त्रज्ञ माहीत नाहीत.

लोकलमधला किंवा एसटीच्या दारातला पाकीटमार नजरेपेक्षा स्पर्शावर जास्त काम करतो. आपल्या त्वचेत दाब आणि कंप टिपणारी निरनिराळी संवेदन-टोकं आहेत. त्यातली बरीचशी फक्त बदलाची बातमी देतात. मागच्या खिशात पाकीट ठेवल्यावर पहिले काही क्षण ते टोचतं, नंतर ते आहे हेच विसरायला होतं. जे असल्याचं जाणवत नाही ते नसल्याचं कसं जाणवणार? शिवाय एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये मांडलेला हिशेब आहेच: फरक जाणवायचा तर तो आधीच्या दाबाच्या प्रमाणात मोठा असावा लागतो. मिरवणुकीत ढोलताशाच्या शेजारी टाळ वाजला तरी ऐकू येत नाही, तसं चारही बाजूंनी माणसं चेपत असताना खिशात शिरलेली दोन बोटं कळत नाहीत. म्हणून तर गाडीत चढताना, नेमक्या त्याच क्षणी, मागून रेटा येतो. रेटणारा एक आणि काढणारा दुसरा. काढलेलं पाकीट तिसऱ्याकडे कधीच गेलेलं असतं.

यावरचा आपला सरकारी आणि घरगुती उपाय एकच, "सावध राहा". स्टेशनावर पाटी, घरून निघताना आईचा धोशा. मला हा सल्ला अगदी कुचकामी वाटतो. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर पाणबुड्या शोधत बसणाऱ्या ब्रिटिश हवाईदलाच्या लोकांच्या नजरेतून ठिपके का सुटतात, हे शोधण्याचं काम नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाकडे आलं होतं. त्याने घड्याळासारखी तबकडी केली. काटा टप्प्याटप्प्याने सरकायचा, क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारायचा, ती उडी ओळखायची. १९४८ मध्ये त्याने निष्कर्ष छापले: पहिल्या अर्ध्या तासातच माणसं चुकू लागतात. ही निवडलेली माणसं होती, खुर्चीत बसून तेवढं एकच काम करणारी. आपण तर डोक्यात गॅस बंद केला का, पोराची फी भरली का, असं सगळं घेऊन फलाटावर उभे असतो. दिवसभर सावध राहणं मेंदूला झेपतच नाही.

तेव्हा लक्ष नसतानाही चालेल अशी सोय करून ठेवावी. जुन्या माणसांनी तेच केलं होतं. धोतराच्या कनवटीला लावलेले पैसे, लुगड्यात कमरेला खोचलेला बटवा, बंडीचा आतला खिसा: यांतलं काहीही चोरायचं तर माणूस अर्धा उघडा करावा लागेल. पँटचा मागचा खिसा आला आणि सगळं ओंगळवाणं सोपं झालं. लोकलमधल्या बायका गर्दीत सॅक पोटाशी घेतात, मंगळसूत्र ब्लाउजला आतून पिनेने अडकवतात. एकदा केलं की विसरून जायचं. रस्त्यावर उजव्या कडेने चालावं, कारण आपल्याकडे वाहनं डावीकडून जातात आणि मग जवळून जाणारी मोटारसायकल पाठीमागून न येता समोरून येते. पर्स रस्त्याच्या विरुद्ध खांद्यावर. साखळीचोर समोरूनही येतात हे खरं, पण निदान दिसतात. आणि झटका बसलाच तर साखळीला धरून राहू नये. मान चिरते, माणूस फरफटतो. सोनं पुन्हा घेता येतं.

"साहेब, शर्टाला घाण लागलीय", "तुमच्या गाडीखाली नोटा पडल्यात" ही बँकेबाहेरची वाक्यं तर ऐकूनच पाठ झालीत. असं बोलण्यात गुंतवून लुटणाऱ्यांना पोलिसांच्या भाषेत बोलबच्चन म्हणतात. या प्रत्येक युक्तीत दोन गोष्टी ठरलेल्या: आत्ताच्या आत्ता करायचं आणि एकट्याने करायचं. घाण खरी असली तरी पिशवी बगलेत धरून समोरच्या दुकानात जाऊनही पुसता येते.

हे एकटेपण फार मोलाचं असतं, चोराच्या दृष्टीने. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी याव्या लागतात: करायला तयार असलेला माणूस, हाताला लागेल असं सावज आणि राखण करणाऱ्याची गैरहजेरी. राखण करणारा पोलीसच हवा असं नाही. कोपऱ्यावरची फुलवाली चालते. मावशीच्या बाबतीत रस्ता रिकामा नव्हता, पण तिच्या बाजूचं कुणी नव्हतं. जो तिसरा होता तो भाडोत्री. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात रेषांची लांबी ओळखायला सांगून पाहिलं होतं. खोलीतले बाकीचे सगळे, आधी ठरवून, ठळठळीत चुकीचं उत्तर द्यायचे. चारांतल्या तिघांनी एकदा तरी आपल्या डोळ्यांवर अविश्वास दाखवून त्यांच्या सुरात सूर मिळवला. खोलीत एक जरी माणूस खरं बोलणारा ठेवला तर मात्र हे मान तुकवणं झपाट्याने कमी व्हायचं. एकच माणूस पुरतो.

"डिजिटल अरेस्ट"वालेही, म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोलीस बनून अटकेच्या धाकाने पैसे उकळणारे, म्हणूनच सांगतात की खोलीचं दार लावा, व्हिडिओ कॉल बंद करू नका, घरात कुणाला बोलू नका. असा अटकेचा प्रकार कायद्यात नाहीच. पण गणवेशातला माणूस पडद्यावर डोळे वटारत असताना कायदा आठवत नाही, बाहेरून बायकोने "कुणाशी बोलताय?" विचारलं की आठवतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फिरवायचा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता आली तर येते. रस्त्यावरच्या प्रसंगाला ११२, रेल्वेत १३९. हे आकडेही आयत्या वेळी आठवत नाहीत, फोनमध्ये आधी घालून ठेवावेत.

मावशीने मात्र स्वतःची पद्धत काढलीय. रस्त्यात कुणी अनोळखी थांबवलं की ती उत्तरच देत नाही, तडक जवळच्या दुकानात शिरते. मागच्या महिन्यात एका खऱ्याखुऱ्या, गणवेशातल्या हवालदाराने तिला हटकलं. ती वाण्याच्या दुकानात गेली, गुळाच्या ढेपेमागे जाऊन उभी राहिली, वाण्याला म्हणाली, "तू पण ऐक रे," आणि मग हवालदाराला म्हणाली, "हं, बोला आता."

त्याला पासपोर्टच्या चौकशीसाठी शेजारच्या बिल्डिंगचा पत्ता हवा होता.