चित्रासमोरचं गाणं : मराठवाड्यातला जुना धागा

संग्रहालयात चित्र-शिल्पांसमोर मैफल भरवायची कल्पना हल्ली नवा प्रयोग म्हणून सांगितली जाते. मराठवाड्यात तरी तिची मुळं फार खोल आहेत.

औरंगाबाद लेण्यांतलं सातवं लेणं घ्या, साधारण सहाव्या-सातव्या शतकातलं. गर्भगृहाच्या भिंतीवर मधोमध नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्यं घेतलेल्या सहा जणी. कुणाकडे बासरी, कुणाकडे झांजा, कुणाचा हात तालवाद्यावर. इथे कुणी नुसता ठेका धरला, तरी नर्तकीच्या कमरेचा बाक आणि वादक स्त्रियांचे हात यांचा मेळ चटकन उमगेल, असं मला मनापासून वाटतं.

शास्त्रही हेच सांगतं. विष्णुधर्मोत्तर पुराणात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला म्हणतात, मूर्तिकलेसाठी चित्र यायला हवं, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत. पुढे १३व्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात गीत, वाद्य आणि नृत्य मिळून संगीत मानलं आहे. देवगिरी म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला!

पण लोकांत ही गाठ घट्ट ठेवली ती चित्रकथींनी. पैठणच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीतली ही चित्रं, टपोऱ्या डोळ्यांची आणि ठसठशीत रंगांची. सुट्या पानांच्या पोथीतलं एकेक पान समोर धरायचं आणि रामायण-महाभारतातला तो प्रसंग वाद्यांच्या साथीने गाऊन सांगायचा. गाणं संपल्याशिवाय पान पालटत नसे. ही पानं पुढे संग्रहालयांत गेली. पुण्याच्या केळकर संग्रहालयातही ती आहेत. चित्रं टिकली हे मोठंच काम झालं, पण काचेआड त्यांचा आवाज गेला.

युरोपात संग्रहालयातल्या मैफलींना बळ मिळालं ते युद्धकाळात. १९३९ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवली गेली आणि रिकाम्या दालनांत पियानोवादक मायरा हेस यांनी दुपारच्या मैफली सुरू केल्या. त्या १९४६पर्यंत चालल्या.

आपल्याकडे वेरूळ-अजिंठा महोत्सव आधी लेण्यांपाशी भरायचा, नंतर सोनेरी महालाच्या प्रांगणात आला. त्याच महालात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. गाणं अंगणात आणि मूर्ती आत, एवढंच अंतर आता उरलं आहे. ते मिटवायला मोठा मंच नको, एका मूर्तीसमोर एक गायक आणि एक पखवाज पुरे.